त्रेचाळिसावे मिनिट

मी, हिराजी बुधाजी भोईर, वय अडुसष्ट, राहणार सुकापूर, तालुका पनवेल, हे पत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या भीतीने नाही. माझ्या छातीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. डॉक्टर किशोरी म्हात्रे यांनी आज सकाळी मला तपासले. आजचा वार, आईचे नाव आणि शंभरातून सात वजा केले तर किती, असे विचारले. उत्तरे बरोबर आली. पुढचा मजकूर वाचून माझ्या बुद्धीविषयी शंका येईल, म्हणून त्यांचा दाखला जोडला आहे.

१. माझी पत्नी सोनाबाई हयात नाही. मूलबाळ नाही. मोठ्या भावाचा मुलगा भावेश आणि त्याचा मुलगा प्रणित हेच माझे जवळचे.

२. राहते घर, भांडी, कपाट व बँकेतील शिल्लक भावेशने घ्यावी. त्यात वाद नाही.

३. वाटणीत मला आलेली सुकापूरची सव्वीस गुंठे जमीन, जिथे मुले फुटबॉल खेळतात, तीही भावेशचीच. मात्र कलम ७ पूर्ण होईपर्यंत तिच्यावर कुदळ पडू नये. भावेश मला म्हणाला होता, "काका, बिल्डर वर्षभर दारात येतोय. तुमी गवत राखत बसलाय." मी गवत राखत नव्हतो. कारण खाली आहे.

४. मी जासईच्या कंटेनर यार्डात सत्तावीस वर्षे कंटेनर मोजले. निवृत्त झाल्यावर रोज प्रणितचा खेळ पाहायला जाऊ लागलो आणि रेषेबाहेरून पंचावर ओरडू लागलो. पंच एकोणीस वर्षांची मुलगी होती, रिया तांडेल. मध्यंतरात ती सरळ माझ्यापाशी आली.

"काका, एवढं दिसतं तुम्हाला, तर शिट्टी तुम्हीच घ्या ना. रविवारपासून रेफ्रीचा कोर्स आहे."

"या वयात?"

"ओरडायला वय आडवं येत नाही वाटतं."

पोरे हसली. मी रविवारी गेलो. तीन महिने कर्नाळ्याच्या रस्त्याला पहाटे धावलो. लेखी परीक्षेत पहिला आलो, धावण्यात शेवटचा. सतरा नियम मला पाठ झाले. रियाने एक अठरावा सांगितला. शिट्टी वाजवली की मागे फिरायचे नाही, आणि वाजवली नाही तर वाजवली असे सांगायचे नाही.

माझ्या आयुष्यातील ती दोन वर्षे सर्वांत चांगली होती. हे मालमत्तेच्या यादीत बसत नाही, तरी नोंदवतो.

५. रविवार, दि. १३ ऑक्टोबर २०१९. बारा वर्षांखालील अंतिम सामना, माझ्याच जमिनीवर. पंचवीस मिनिटांचे दोन डाव. एका बाजूला नव्या कॉलनीचा संघ. त्याच्या गोलमध्ये प्रणित. घरच्या मुलाचा सामना पंचाने घेऊ नये. पनवेलात भोईर इतके, की कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

दुसऱ्या बाजूला आदिवासी वाडीवरची मुले, अनवाणी. नियमाप्रमाणे बूट हवेत. मी खेळू दिले. मोडलेल्या नियमांपैकी याचा मला पश्चात्ताप नाही.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला कॉलनी दोन, वाडी एक. प्रणितने वाडीच्या मुलाला पाय घालून पाडले. मी पेनल्टी दिली. कमळी नावाची अकरा वर्षांची मुलगी चेंडूमागे उभी राहिली. प्रणित रेषेवर, दोन्ही हात पसरून. पंचाने शिट्टी दिल्याशिवाय पेनल्टी मारता येत नाही. कमळी म्हणाली, "सर, शिटी मारा."

मी शिट्टी ओठांना लावली आणि कर्नाळ्याच्या बाजूला वीज पडली. विजेत खेळ थांबवायचा असतो. मी हात वर केले, मुलांना पत्र्याच्या शेडमध्ये नेले. पाऊस तासभर हटला नाही. पालक मुलांना घेऊन जाऊ लागले. स्पर्धेचा चिटणीस म्हणाला, "भोईर, सात मिनिटांत काय जग बदलतंय? पाहुणे खोळंबलेत. संपला म्हणून लिहा."

मी अहवालात लिहिले : सामना पूर्ण. कॉलनी २, वाडी १. पेनल्टी लिहिली नाही. पाहुण्यांमुळे नाही. प्रणित रडत होता म्हणून.

करंडक देताना वाडीची मुले शेडच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. कमळीचा एक पाय पुढे, एक मागे. धाव घेण्यापूर्वी उभे राहतात तसा.

६. त्यानंतर घडलेले, जसे घडले तसे.

(अ) दुसऱ्या दिवशी मैदानावर आखलेल्या रेषांची पांढरी फक्की पूर्ण धुऊन गेली होती. पेनल्टीचा ठिपका राहिला. सहा पावसाळे झाले, राहिला आहे. गवत त्याच्या कडेपर्यंत येते आणि थांबते. एका एप्रिलमध्ये मी तो पहारीने खणला. हातभर खोल गेलो. तेवढाच पांढरा गोल खाली जात राहिला. मी खड्डा बुजवला.

(आ) मी पुढे चार सामने घेतले. चारही वेळा त्रेचाळिसाव्या मिनिटाला शिट्टी वाजली नाही. आतला मणी फिरत होता, आवाज नव्हता. तीन शिट्ट्या बदलल्या. मुलांना वाटले मी विसरलो. मी पंचगिरी सोडली.

(इ) प्रणित झोपेत उठून दारात उभा राहतो. हात दोन्ही चौकटींना टेकवून. भावेशची बायको सुनीता त्याच्या काखेखालून वाकून स्वयंपाकघरात जाते. डॉक्टर झाले, देवऋषी झाला.

(ई) गेल्या जानेवारीत कमळीला वीटभट्टीवरून मैदानावर आणले. आता ती सतरा वर्षांची आहे. उजवा पाय किंचित ओढते. मी विचारले, लागले का? "लागलं नाय. जड हाय. शाळंत व्हते तवापासून," ती म्हणाली. प्रणितलाही बोलावले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. तो रेषेवर गेला, तिने चेंडू ठेवला. मी फुंकले. काही नाही.

"आबा, जोरात फुंका ना," प्रणित म्हणाला. तो हसत होता, पण हात खाली घेत नव्हता.

मी कमळीला म्हटले, तशीच मार.

"शिटीबिगर मारला तर परत मारायला लावतात. तुमीच बोलला व्हता सर." मग ती म्हणाली, "मना भट्टीवर जायचाय. मुकादम बोलंल."

ती गेली. प्रणितला रेषेवरून हलवायला भावेशला बोलवावे लागले.

तेव्हा मला कळले, की खोटा अहवाल लिहिणाऱ्याच्या तोंडात ती शिट्टी वाजणार नाही. दुसऱ्या पंचाला सांगावे, तर आधी खरे सांगावे लागते. मला ओळखणारा पंच एकच, रिया. मला तिच्यासमोर ते बोलता आले नाही. दहा महिने झाले.

७. म्हणून हा माझा दुरुस्त अहवाल समजावा. सामना अपूर्ण. पेनल्टी दिलेली, मारलेली नाही. माझ्या मृत्यूनंतर दुसऱ्या पंचाने तो त्रेचाळिसाव्या मिनिटापासून पुढे चालवावा. तीच मुले बोलवावीत. जे येणार नाहीत त्यांच्या जागा मोकळ्या सोडाव्यात, तिथे दुसरे कोणी उभे करू नये. प्रणितने मुद्दाम गोल सोडू नये. कमळीने मुद्दाम बाहेर मारू नये. दया केलेली पंचाला दिसते. निकाल लागेल तो लिहावा. मग भावेशने खुशाल इमारत बांधावी. त्याआधी पाया खणला, तर तो ठिपका कोणाच्या तरी घरात निघेल.

८. चिटणिसाला माझी दोन्ही कार्डे द्यावीत. लाल आधी.

९. साक्षीदार म्हणून रियाला बोलावले आहे. तिला मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. तिने वाचावा. मी समोर बसून राहीन.

ठिकाण : सुकापूर
दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५

सही : हिराजी बुधाजी भोईर

साक्षीदार १ : डॉ. किशोरी म्हात्रे, पनवेल. सही माझ्यासमोर केली. नाडी जलद, शुद्ध पूर्ण.

साक्षीदार २ : रिया तांडेल, पंच. सही माझ्यासमोर केली. दोनदा वाचले, मधे वाडीवर जाऊन आले. काकांशी बोललेले नाही, लिहिते आहे. कलम ७ मध्ये मृत्यूची अट कशाला? कमळीची माणसे सोमवारी भट्टीवर निघतात, मी तिथे विचारले आहे. रविवारी, ९ नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता उरलेला सामना होईल. शिट्टी माझी. काकांनी रेषेबाहेर उभे राहावे आणि ओरडू नये. परत मैदानावरूनच आले. ठिपक्यावर चेंडू ठेवलेला आहे. भावेशदादा म्हणतात, त्यांनी ठेवला नाही. तो रविवारपर्यंत कोणी उचलू नये.