तंबूतला वाटा

बुलावायो, झिंबाब्वे

रूव्हेन,

तुमच्या किबुट्झ वसाहतीचं सामाईक जेवणघर बंद झालं, तू आता खोलीत एकटाच जेवतोस, असं तुझ्या बहिणीने काल सांगितलं. मला आधी हसू आलं, मग मी ताट बाजूला सारलं.

आपल्या ज्यू युवक चळवळीच्या शिबिरात घरून आलेला खाऊ एकाच खोक्यात जायचा आणि तंबूतल्या सगळ्यांना सारखा वाटला जायचा. आईने पाठवलेलं चॉकलेट खोक्यात टाकताना मी रडले, तर तू म्हणालास, "रडतेस काय, फ्रीडाबाई? इस्राएलला गेल्यावर ताटसुद्धा तुझं एकटीचं नसणार."

तुम्ही सगळे गेलात. आजारी आईसाठी मी इथेच राहिले, तर मला पळपुटी म्हणालात. आई जाऊनही वर्षं झाली.

दर शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या मी एकटीच लावते आणि चॉकलेट मोडून तंबूतल्या प्रत्येकाच्या नावाने तुकडा ठेवते. सवय सुटत नाही. मग सगळे तुकडे मीच खाते, तुझा शेवटी. हे पत्र काही तुला धाडणार नाही. तू वाद घालत बसशील.

काल मात्र तुझा तुकडा ताटलीतच राहू दिला. तुझं जेवण व्हायचं असेल, म्हटलं.

तुझ्याच तंबूतली,
फ्रीडा