आधी पोटुशीला

४ सप्टेंबर
पोहोचले एकदाची. जीपनं सात तास हाडं खिळखिळी केली, पण ड्रायव्हरच्या गप्पांत वेळ गेला. शेवटच्या वळणावर तो म्हणाला, इथं नर्स सहा महिने टिकली तर तिचा सत्कारच करायला हवा. मी म्हटलं, हार तयार ठेवा.

दवाखाना खाली, माझी खोली वर. पलंग, लोखंडी शेगडी, दरीकडे उघडणारी खिडकी. घरमालकीण मावशींनी माझी बॅग हिसकावूनच घेतली. त्यांच्या गळ्याला मुठीएवढी गाठ आहे, आवाज घोगरा. बोलणं मात्र गुळासारखं. जेवण त्यांच्याकडेच. मी सोबत आणलेल्या चार पुड्यांतलं आयोडीनचं मीठ तिथं डब्यात भरून ठेवलंय.

११ सप्टेंबर
एकतीस घरं झाली. चिमूटभर मिठावर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. आयोडीन असलं तर मीठ जांभळं होतं. एकाही घरात झालं नाही. डोंगरातून खणून आणलेले खडे ते, त्यांत काय असणार? मातीतलं आयोडीन तर पाण्यानं कधीच धुऊन नेलंय. घरटी दोन-दोन, तीन-तीन गळे सुजलेले.

दवाखान्याच्या दाराशी बाकावर एक बाई बसलेली असते. चेहरा सुजट, नजर मंद. सगळे तिला ताई म्हणतात. मावशी म्हणाल्या, लांबच्या नात्यातली आहे.

मावशींच्या सुनेला चौथा महिना. मी मावशींना समोर बसवून समजावलं की आईला आयोडीन मिळालं नाही तर बाळ मुकं-बहिरं, मंदबुद्धीचं होऊ शकतं. आधी पोटुशीला, मग बाकीच्यांना. माझ्या मिठातलं अर्धं सुनेला दिलं. मावशींचं पहिलं नातवंड जन्मतानाच गेलं; तेव्हा गावात नर्स नव्हती. त्या कान देऊन ऐकत होत्या.

२ नोव्हेंबर
बर्फानं रस्ता बंद. मी गावासाठी मागवलेली मिठाची पोती आणि आयोडीनच्या गोळ्या खालीच अडकल्या. माझ्या बदलीचं पत्र मात्र शेवटच्या जीपनं आलं. रस्ता उघडला की मी मोकळी. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळंतपण फेब्रुवारीअखेर आहे. म्हटलं, ते करूनच जाईन. त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

१९ डिसेंबर
दोन स्वेटर घालूनही हुडहुडी जात नाही. कंगव्यात केसांचे पुंजके येतात. दुपारी रजिस्टरवरच डोळा लागतो. आज सुनेला तपासायचा दिवस होता, साफ विसरले. तीच जिना चढून वर आली. ती छान आहे, बाळही आत लाथा मारतंय.

८ जानेवारी
ब्लाउजचं वरचं बटण लागत नाही. आरशासमोर पाण्याचा घोट घेतला. गळ्यात काहीतरी वर गेलं, खाली आलं. हेच मी चार महिने इतरांच्या गळ्यात बघतेय.

स्वयंपाकघरात गेले. माझ्या डब्यातल्या मिठावर थेंब टाकला.

पांढरंच.

९ जानेवारी
मावशींना विचारलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. सगळं चांगलं मीठ त्या सुनेला देतात, माझ्या डब्यात खड्यांचा चुरा. सप्टेंबरपासून.

“तुम्हीच म्हणालात ना,” त्या म्हणाल्या, “आधी पोटुशीला.”

सुनेच्या डब्याच्या तळाशी चांगल्या मिठाच्या दोन मुठी उरल्यात. परत मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून पोटावर हात ठेवून दारात आली. मी डब्याचं झाकण लावलं.

२७ जानेवारी
बाकावर ताईशेजारी टेकले होते. तिनं माझं मनगट हातात घेतलं. तीन बोटं नेमकी नाडीवर. स्वतःच्या दुसऱ्या मनगटाकडे बघत राहिली, तिथं घड्याळ नव्हतं तरी. ओठ हलत होते.

“पन्नास,” ती म्हणाली.

मी घड्याळ लावून मोजली. पन्नासच.

नाडी अशी कोण बघतं, हे मला ठाऊक आहे. जुनं रजिस्टर काढलं. सहा वर्षांपूर्वीचं गोल, टपोरं अक्षर. पुढं पुढं ते वेडंवाकडं होत जातं. मग कोरी पानं.

२८ जानेवारी
ताई इथली आधीची नर्स, हे मावशी नाकारत नाहीत. शाल माझ्या खांद्यावर नीट करत म्हणाल्या,
“चलाख बायका इथं रमत नाहीत. हळू झाल्या की रमतात.”

त्या नर्सनं म्हणे पुढं चार बाळंतपणं केली. नंतर हातांना जमेना. मग दुसरी मागवली. मी.

२६ फेब्रुवारी
मुलगी झाली. खणखणीत रडली. माझ्या हातांना नाळ बांधायला वेळ लागला — सून माझ्या तोंडाकडे बघत होती. रडत होती. म्हणाली, मला माहीत नव्हतं. खरं असेल.

६ मार्च
लिहायला बसते आणि शब्द — दुपार जाते. मावशी भरवायला येतात. मी तोंड मिटते. त्या थांबतात. त्यांना घाई नसते.

नाडी बेचाळीस.

१५ मार्च
हॉर्न. रस्ता उघडला. जीप —

बॅग भरली. अर्धी. त्याला बांधायचं ते — पट्टा. पट्टा लागत नाही. राहू दे.

जिना. चार पायऱ्या. बसले. सून वर आली, माझी काख धरली. आणखी तीन. खाली मावशी ड्रायव्हरशी बोलतायत. सांगतायत, बाईंना इथंच आवडलं, त्या राहणार म्हणतात. तो हसतोय. पोती उतरवून झाली. गाडी वळवतोय —

सून खाली धावली. मावशींनी तिचा दंड धरलाय —

मी ओरडले. मोठ्यांदा. ड्रायव्हरनं वर पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा ओरडले. घशातून नुसती हवा —