मेलखालची सही

सोमवार, ३ मार्च

अन्याय नोंदवून ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको, बाईने तक्रारच केली नव्हती.

एकोणीस वर्षं मी लोकांना मिक्सर, गिझर आणि पाण्याचे फिल्टर कसे वापरायचे ते लिहून सांगितलं. आज एका कंपनीला मेल लिहिला. नम्र, मुद्देसूद, एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. आणि शेवटी माझ्या नावाखाली आपोआप काय उमटलं? 'माझ्या मोबाइलवरून पाठवले.' मोबाइलने यात केलं काय? एखादा स्वल्पविराम तरी सुचवला? दिवसभर टेबलावर उताणा पडून होता, टाइप करून बोटं माझी झिजली, आणि श्रेय त्याला!

असो. खरी बातमी वेगळीच — उत्तर आलं! कंपनी घरच्या घरी रक्तदाब मोजायचं यंत्र बनवते. त्याची माहितीपुस्तिका चौऱ्याऐंशी पानांची. लोक तिसऱ्या पानावर हात टेकतात आणि यंत्र बिघडलंय म्हणून परत पाठवतात. तिथल्या ग्राहक विभागाच्या बाई लिहितात, 'नवीन पुस्तिकेची चार पानं शुक्रवारपर्यंत पाठवा. आवडली तर फोन करते.'

फोन करते! ऑफिसने आमचा विभाग गुंडाळला त्याला चार महिने झाले. इतक्या दिवसांत मला 'फोन करते' म्हणणारी ही पहिली. नवऱ्याने एका शाळेत लिपिकाची जागा बघून ठेवली आहे, बारा तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. हे काम मिळालं तर शाळेला नाही. नाही मिळालं तर जन्मभर हजेरीपट.

मंगळवार, ४ मार्च

चार पानांचा कच्चा मसुदा तयार! तासाभरात सासूबाईंच्या हातात दिला.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण तपासायचं नाही. ज्याला त्या वस्तूतलं काही कळत नाही त्याच्या हातात कागद द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. तो जिथे अडेल तिथे चूक लिहिणाऱ्याची. माझ्याकडे हे काम एकोणीस वर्षं सासूबाई करतात. मी खुर्चीवर, त्या समोर स्टुलावर. कागदावर असेल तेवढंच करणार, एक बोट जास्त हलवणार नाहीत. एकदा फिल्टरच्या पुस्तिकेत मी 'नळ उघडा' लिहिलं आणि 'बंद करा' लिहायचं राहिलं. त्यांनी नळ उघडला आणि हाताची घडी घालून बसल्या. फरशीवर घोटाभर पाणी!

"अहो आई, नळ!"

"पुढे काही लिहिलेलंच नाही."

आजही दुसऱ्या पानावर अडल्या. "पट्टा दंडाला गुंडाळा म्हणतेस. कुठल्या दंडाला? मला दोन आहेत." दुरुस्त केलं.

बुधवार, ५ मार्च

पानं झाली. आता सही! मेलखाली मोबाइलचं नाही, माझं नाव दिमाखात हवं. सकाळपासून अंगात वारं शिरलंय. अक्षराचे अकरा प्रकार पाहिले. एक इतकं नाजूक की वाचताना श्वास रोखावा लागतो. एक इतकं जाड की फौजदाराने दटावल्यासारखं वाटतं.

दुपारी भाऊजी आले. माझे धाकटे दीर, दुकानांच्या पाट्या बनवतात. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे.

"वहिनी, लाल घ्या. पिवळ्यावर लाल."

"भाऊजी, मेल आहे. पंक्चरचं दुकान नाही."

"बरं, पद काय टाकताय? 'संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी' टाका. वजन पडतं."

संस्था म्हणजे हे टेबल. कार्य करते मी. आणि ज्या मुख्य, त्या सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्याच. त्या म्हणाल्या, "काय करतेस ते लिही. काय आहेस ते लोक ठरवतील." लिहिलं — 'माहितीपुस्तिका लेखन'. चार तास डोकं फोडूनही मला हे सुचलं नव्हतं!

फोटोही टाकून पाहिला. गालावर हात, नजर दूर कुठेतरी. मग भाऊजींशी सात मेल इकडून तिकडे केले आणि पाहते तर माझे सात फोटो, एकाखाली एक. हरवलेल्या व्यक्तीची जाहिरात! फोटो काढून टाकला. भाऊजींना वाईट वाटलं. त्यांनीच काढला होता.

गुरुवार, ६ मार्च

गडद निळा की मोरपंखी? नवरा म्हणतो, दोन्ही एकच आहेत. या माणसाशी मी बावीस वर्षं संसार केला!

शुक्रवार, ७ मार्च

गेला! अकरा वाजून दहा मिनिटांनी नवऱ्याच्या संगणकावरून मेल गेला!

आणि सही — काय सांगू! जुन्या ऑफिसातल्या माझ्या एका मेलखालच्या सहीचा साचा उचलला, त्यावर रंगरंगोटी केली. नाव मोरपंखी, जरा ठळक. खाली बारीक करड्या अक्षरात 'माहितीपुस्तिका लेखन'. मग एक केसाएवढी रेघ. रेघेखाली फोनचं इवलंसं चित्र आणि नंबर. बस्स. चार ओळींच्या वर एक अक्षर नाही. मोबाइलवर उघडून पाहिली, नवऱ्याच्या संगणकावर पाहिली, भाऊजींच्या दुकानातल्या त्या पुरातन डब्यावरही पाहिली. कुठेही मोडली नाही!

सासूबाई म्हणाल्या, "मला नाही दाखवलीस?"

म्हटलं, "आई, चार ओळी आहेत हो. त्यात काय तपासायचं?"

त्या शेंगा सोलत राहिल्या.

शनिवार, ८ मार्च

फोन नाही. सुट्टी असेल. सही छापून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली. येता-जाता बघते. नवरा म्हणाला, "फुलं वाहू का?"

सोमवार, १० मार्च

सकाळभर घरच्या फोनजवळ बसले. आंघोळीला गेले तेव्हा फोनशेजारी सासूबाईंना बसवून गेले. बाहेर आले तर त्या भिंतीसमोर उभ्या. डोळ्यांवर चष्मा, कानाला फोन.

"कुणाला लावलात?"

"तुला. इथे लिहिलंय ना, तसाच फिरवला." मग फोनमध्ये, "हो हो, बोला." आणि चेहरा बदलला. फोन माझ्याकडे न देता ठेवूनच दिला.

म्हणाल्या, "तुझ्या जुन्या ऑफिसातले साहेब होते."

साच्यातला नंबर! नाव बदललं, पद बदललं, रंग तर नऊ वेळा बदलला. नंबर तोच राहिला. माझ्या जुन्या टेबलावरचा. एकोणीस वर्षं तो इतका पाठ झालेला की डोळ्यांना खुपलाच नाही. फोनचं चित्र मात्र अर्धा तास सरळ करत बसले होते!

पुढचं तर त्याहून वाईट. साहेब म्हणाले होते, "शुक्रवारपासून त्यांच्यासाठी एका बाईंचा दोनदा फोन आला. आम्ही सांगितलं, नोव्हेंबरातच त्यांना कमी केलंय."

दोनदा! म्हणजे पानं आवडली होती. आणि फोन केल्यावर त्या बाईंना काय कळलं? की ही बाई, जिथून काढून टाकलं, तिथलाच नंबर देत फिरते. लबाड म्हणतील, दुसरं काय म्हणणार.

नवरा म्हणाला, "टाइपिंगची चूक म्हणून कळव. मोबाइलमुळे झालं म्हण." मोबाइलवर ढकलायचा मोह झालाही. गेल्या आठवडाभराचा हिशेब चुकता झाला असता! पण सासूबाई स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होत्या. नळ उघडा ठेवून बसल्या होत्या, तशाच.

लिहिलं ते असं — 'नंबर चुकला, चूक माझी. तो माझ्या जुन्या नोकरीतला आहे. मी जे लिहिते ते माझ्या सासूबाई तपासतात. तुम्हाला पाठवलेली चारही पानं त्यांनी तपासली होती. ही सही मात्र मी त्यांना दाखवली नाही. आज त्यांनी स्वतःहून तपासली आणि चूक पकडली.' खाली घरचा नंबर लिहिला. तो आधी सासूबाईंनी शेजारच्यांच्या फोनवरून फिरवून पाहिला. मगच पाठवू दिलं.

मंगळवार, ११ मार्च

घरचा फोन वाजला! चार वाजता!

ग्राहक विभागाच्या बाई. आवाज कोरडा. "पानं चांगली आहेत. पण मला एक सांगा, 'उजवा किंवा डावा, पण रोज तोच दंड' हे वाक्य कुणाला सुचलं? आमचे सगळे ग्राहक नेमके तिथेच अडतात. आमच्या एकाही इंजिनिअरला दोन वर्षांत ते दिसलं नाही."

तोंडात आलं होतं — मला. वाक्य माझंच तर होतं!

म्हटलं, "सासूबाई तिथे अडल्या, म्हणून लिहिलं."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "यंत्र पाठवते. चौऱ्याऐंशीची किती पानं होतात बघा. काम तुमचं."

मी टेबलावर हात आपटला. पेनं उडाली. सासूबाई दारात — "काय मोडलं?"

बुधवार, १२ मार्च

शाळेला नाही कळवलं. नवऱ्याने तोंड वाकडं केलं आणि येताना बर्फी आणली. म्हणजे रागही आहे, आनंदही आहे.

मग एक काम उरलं होतं. मोबाइल उघडला. 'माझ्या मोबाइलवरून पाठवले' ही ओळ तिथे अजून तशीच होती, ती पुसली. त्या जागी, माझ्या नावाच्याच मोरपंखी रंगात, त्याच मापाच्या अक्षरात, 'तपासणी' आणि पुढे सासूबाईंचं नाव. पूर्ण नाव. ते लिहिताना थांबावं लागलं — मधलं नाव मला ठाऊकच नव्हतं! नवऱ्याला हळूच विचारून घेतलं. कंपनीला यंत्र कुठे पाठवायचं ते कळवलं, त्या मेलखाली हीच सही गेली.

सासूबाईंना काही सांगितलं नाही. भिंतीवरचा कागद बदलला.

गुरुवार, १३ मार्च

दहा वाजता फोन वाजला. कंपनीच्या बाई. मी "बोला" म्हणाले तर त्यांनी सासूबाईंना मागितलं, त्यांच्या नावाने, मधल्या नावासकट. स्टूल दारापाशी होतं, फोन टेबलावर. मी खुर्ची सोडली, त्यांच्यासाठी ओढून दिली आणि स्टुलावर जाऊन बसले. बरंच उंच आहे. पाय टेकत नाहीत.