आठ उड्या कमी

२२ नोव्हेंबर, रविवार

वन्संना मनापासून नमस्कार,

तुमचं पत्र परवा पोचलं. इकडे सगळं ठीक, म्हणजे स्वयंपाकघरातला नळ गळतोच आहे, मांजर तुमच्या भावाच्या खुर्चीत झोपतंच आहे आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याची बोलणी खातेच आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? त्या दिवशी मैदानावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या खुर्चीवर बसून होतात. उठताना तुमचा चेहरा पाहिला होता मी, पण तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही.

तुम्ही ह्यांचा लाल सूट, चष्मा आणि हातमोजे मागवलेत. सूट धुऊन ठेवलाय. गुडघ्यावर उसवला होता, तिथे आतून ठिगळ लावलंय. खिशातून गोळ्यांचे कागद निघाले आणि एक पांढरी बुटाची नाडी निघाली. नाडी वेगळी ठेवली आहे. हातमोजा एकच सापडला, दुसरा कुठे भिरकावला ते तुमच्या बंधुराजांनाच विचारा.

बाकीच्या पत्राचं उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कागद फाटला असता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मैदानावर पुन्हा विक्रमाचा प्रयत्न करायचा, पॅराशूटच्या छत्र्या भरायला रोजंदारीची माणसं आणायची, आणि या खेपेला 'ती गळ्यातल्या दोरीची नाटकं' नकोत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याबरोबर छत्र्या भरणाऱ्या त्या 'वेंधळ्या' शिंप्याला तर तुम्ही काढूनच टाकलंत. आणि मी येऊ नये, कारण मी आले की तुमच्या भावाचा पाय मागे ओढला जातो. वन्सं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही मला बरंच काही बोललात, बरंचसं मी हसून सोडलं. हे सोडता येत नाही.

तुम्ही सगळं पाहिलंत, पण लांबून पाहिलंत. जवळून कसं होतं ते आज सांगते.

एका दिवसात जास्तीत जास्त उड्या मारायच्या, म्हणजे उड्या मारणारा एकटाच मारतो असं लोकांना वाटतं. तीन विमानं आळीपाळीने घिरट्या घालतात. हे खाली टेकले की दोघं पाठीवरची छत्री उतरवणार, दोघं दुसरी चढवणार, हे पळत पुढच्या विमानात. पाणीसुद्धा पळता पळता प्यायचं. आणि उतरवलेली छत्री आमच्याकडे. शेडमध्ये चटया टाकून आम्ही सातजण गुडघ्यांवर बसलेलो. कापडाची घडी घालायची, दोऱ्या विंचरून सरळ करायच्या, सगळं त्या एवढ्याशा पिशवीत कोंबायचं आणि पिशवीचं तोंड आवळायचं. ते आवळायला हातभर दोरी लागते. तोंडाला पिन बसली की दोरी ओढून काढायची आणि आपल्या गळ्यात टाकायची. आम्ही तिला माळ म्हणतो. प्रत्येकाचा रंग वेगळा. माझी पिवळी, शिंप्याची निळी.

गळ्यात माळ दिसली तरच पिशवी पुढे द्यायची. कारण माळ गळ्यात नसेल तर ती आत राहिली असू शकते. आत राहिली आणि छत्रीच्या दोऱ्यांत गुंतली, तर छत्री अर्धीच उघडते. पाठीवर दुसरी छत्री असते म्हणाल, तर असते. पण भराभर उड्या व्हाव्यात म्हणून विमान फार वर जातच नव्हतं. इतक्या खालून पहिली गुंतली की दुसरीला सवड कुठली?

आणि माळ हरवली तर ती सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही. हा नियम मी केलेला नाही, वन्सं. ज्याला तुम्ही नाटक म्हणता तो नियम तुमच्या भावाने केला. आम्हा सगळ्यांना छत्री भरायला त्यांनीच शिकवलं, मला तर लग्नाच्या आधी. त्यांनी पहिल्यांदा माझ्या गळ्यात काही घातलं असेल तर ती ही पिवळी दोरी.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग ढग आले, आठवतं? विमानं खाली थांबली. हे अस्वस्थ. येरझाऱ्या घालताहेत, आकाशाला शिव्या देताहेत, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शिंप्याच्या बोटांना पेटके आले होते, तो कोमट पाण्यात हात धरायला उठला. हे त्याच्या चटईवर जाऊन बसले. "आण ती माळ इकडे. बघ, म्हातारा अजून कसा भरतो!" म्हणत त्याच्या गळ्यातली दोरी काढून घेतली. सगळे हसले. मीही हसले. छान दिसत होते हो चटईवर बसलेले. पिशवी भरून झाली तेवढ्यात ढग फाटले, पायलटने हाक मारली आणि हे सुटले. पिशवीवर खडूने स्वतःची फुली मारून ती रांगेत शेवटी ठेवायला मात्र विसरले नाहीत. एक बूट पायात नुसता फटफटत होता. "अहो, नाडी बांधा!" म्हणून मी ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शिंपी परत येऊन बसला आणि गळ्याकडे हात नेला. "उस्ताद, माझी माळ?" हे टेकले होते, पुढची छत्री चढत होती. "चटईवरच ठेवलीय, बघ!" म्हणाले आणि पळाले. शिंप्याने शोधली. चटई उचलली, झटकली. नाही. तोवर त्या चटईवर इतरांनी दोन-तीन छत्र्या भरल्या होत्या. बिचारा पुन्हा पुन्हा तीच चटई चाचपत राहिला. शेवटी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, माळ नाही."

तेव्हा मी धावले. पुढचं तुम्ही पाहिलंत. हे विमानाकडे निघालेले, मी मागून पट्टा धरला.

"सोड पट्टा!"

"अहो, माळ हरवलीय. थांबा."

"चटईवर ठेवली म्हणतोय ना! आणि ही पाठीवरची मी स्वतः भरलेली आहे. फुली दिसत नाही? हिला काय होणार आहे? सोड!"

मी सोडला नाही. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले ते तुमच्या कानावर आलंच, कारण तुम्ही मान हलवलीत. "हिला मी हरायलाच हवा होतो." पिशवी काढून माझ्या पायाशी फेकली, सूट, चष्मा, हातमोजे उतरवून तिथेच भिरकावले आणि तुमच्या गाडीत जाऊन बसले. आम्ही रांगेतली एकेक छत्री उघडली. कशातच माळ नव्हती. तोवर उजेड गेला. आठ उड्या कमी पडल्या. तुम्ही गाडी चालू केलीत. मी मळलेल्या हातांनी तशीच उभी, आणि कोणी मला घरी सोडू का असंही विचारलं नाही.

इथवर सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाईने उगाच राईचा पर्वत केला, शिंप्याने स्वतःची दोरी हरवली आणि एका चांगल्या माणसाचा विक्रम बुडाला. किराणा दुकानदारसुद्धा मला सुटे पैसे देताना "आठच ना वहिनी?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, आठच. आणि तुमच्या तराजूत नेहमी किती कमी असतात?" तेवढंच समाधान.

पण आता ताकाला जाऊन भांडं का लपवू? तुम्ही शिंप्याला काढल्याचं लिहिलंत आणि माझा धीर सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही, आणि हे कळत असून मी तीन आठवडे गप्प बसले आहे.

तुमची गाडी गेल्यावर गवतात पडलेली ती फुलीची पिशवी शिंप्याने उचलून आणली. ती कोणीच उघडली नव्हती. मीही नाही. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, वन्सं. ह्यांच्या हातची छत्री कोण तपासणार? ज्यांनी आम्हाला शिकवलं त्यांची? आम्ही आमच्या सगळ्यांच्या उघडून बसलो आणि ती तेवढी गवतातच राहू दिली. आता तिची घडी करून आत ठेवायची म्हणून शिंप्याने तोंड सोडलं, कापड ओढलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

निळी माळ आत होती. छत्रीच्या दोऱ्यांना दोन वेढे घेऊन बसली होती.

कापडावर ठेवून घडी घातली असणार, आणि तोंड आवळताना सापडली नाही म्हणून बुटाची नाडी उपसून काम भागवलं असणार. फार पूर्वी ते तसंच करायचे, मला ठाऊक आहे ना. चटईवर ठेवली असं त्यांना खरंच वाटलं. खोटं ते बोलत नाहीत, हे तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. नाडी मला सूट धुताना मिळाली, पण पुराव्याला तिची गरजच नव्हती. फुली होतीच.

मी ते वेढे एकेक करून सोडवले. ज्या पट्ट्यासाठी मला सगळ्यांसमोर बोलले, तो मी सोडला असता तर आज तुम्ही लाल सूट मागवला नसता.

मी लगेच फोन करणार होते. शिंप्यानेच अडवलं. म्हणाला, "वहिनी, सांगू नका. आपल्या हातावरचा विश्वास उडाला की माणूस विमानाच्या दारात उभा राहू शकत नाही. माझी माळ होती, माझ्या नावावर राहू दे." एवढं बोलून तो घरी गेला. तरी दुसऱ्या दिवशी मी फोन केलाच, तर तुम्ही म्हणालात, "तो बोलायला तयार नाही, आणि तू आता पुरे कर." मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, मॅच बघत होते. मग मीही फोन ठेवला. तेव्हापासून मी गप्प आहे ती त्यांची दया येऊन की राग येऊन, हे मलाच धड सांगता येणार नाही. दोन्ही असेल. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला? आणि रोज वाटायचं, हे येतील, दारात बूट काढतील, आणि मग मी चहा देता देता हळूच सांगेन. कसले येताहेत! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसले.

आता तुम्ही लिहिता की पुढच्या महिन्यात माळा नसणार. रोजंदारीची माणसं असणार, घाई असणार, आणि मधून मधून 'तो स्वतःही भरणार आहे, म्हणजे काळजी नाही.' हे वाक्य मी चारदा वाचलं. त्यांच्या हातावरचा त्यांचा विश्वास राहावा म्हणून मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पण त्या विश्वासापायी जीवच जाणार असेल, तर मोडू दे तो विश्वास. माझ्यावर आयुष्यभर रागावले तरी चालेल. रागवायला माणूस तर हवा.

तुम्ही त्यांना आईच्या जागी आहात. तुम्ही वाढवलंत, मी सांभाळलं, यात भांडायचं कशाला? मी त्यांना उडी मारू नका असं कधीच म्हटलेलं नाही. पाहिजे तर हजार मारू देत. पण माळ गळ्यात दिसल्याशिवाय एकही नाही, फुली असली तरी नाही. फुली असली तर आधी ती उघडायची.

तेव्हा लाल सूट पाठवत नाही. तो इथेच खुंटीला आहे, ज्याला हवा त्याने येऊन न्यावा. पाकिटात निळी माळ ठेवली आहे. वेढे पडले होते तिथे अजून वळ्या आहेत, मुद्दाम सरळ केल्या नाहीत. ती ह्यांच्या हातात द्या आणि काही बोलू नका, त्यांना कळेल. कळल्यावर दोन-चार दिवस ते जेवणार नाहीत, बोलणार नाहीत. त्यांना एकटं सोडू नका, आणि माझ्यावर भडकले तर भडकू द्या. मग शांत झाले की शिंप्याच्या घरी पाठवा. ती माळ त्याच्या गळ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने घालायची आहे, ते माझं काम नव्हे.

त्यानंतर घरी यायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. दार उघडं आहे. मांजराला खुर्चीवरून उठवायला मला कोणीतरी लागतंच.

लोभ ठेवाल की नाही, ते पाकीट उघडल्यावर तुम्हीच ठरवा. मी मात्र आहे तशीच आहे,

पट्टा न सोडणारी,
तुमची भावजय