भिंतीच्या पायाशी सात भोकं

६ फेब्रुवारी

आज मागच्या भिंतीला हात लावला. आधी हात जोडले, मग छिन्नी काढली. सुतार हसला. "महाराज, पाडायची नाहीये, दार काढायचंय. एवढी माफी कशाला?" मी म्हटलं, दीडशे वर्षं उभी आहे, तिच्यातून तीन फूट घ्यायचे तर विचारून घ्यावेत.

टेकडीच्या उतारावर नऊ घरांची ही रांग. सगळी घरं जुनी, सगळी जतन करायच्या यादीतली. पुढून काही बदलायचं नाही — दाराचा रंगसुद्धा नाही. सिमेंट नाही, फक्त चुना. मागे, डोंगराच्या बाजूला एक खोली वाढवायची परवानगी मिळाली आहे, तीही अटीवर. जुनी मागची भिंत आहे तशी उभी राहिली पाहिजे. तिच्यात एकच दार, तीन फुटांचं. भिंतीला काही झालं तर परवानगी रद्द.

खोली साहेबांसाठी. म्हणजे घरमालकीण ताईंच्या यजमानांसाठी. चार महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून खाली शहरात इस्पितळात आहेत. घरात निजायची खोली माडीवर. जिना अठरा पायऱ्यांचा, शिडीसारखा उभा — आणि तोही यादीत! इस्पितळवाले म्हणतात, वीस मार्चपर्यंतच ठेवू. तोवर खोली झाली नाही तर लांबच्या शुश्रूषागृहात न्यावं लागेल. ताई म्हणाल्या, "मिस्त्री, तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही." चहा ठेवून आत गेल्या.

७ फेब्रुवारी

भिंत अडीच फूट जाड. दगडावरचे छिन्नीचे वार उलट्या बाजूला कललेले. म्हणजे ज्यानं घडवली तो डावखुरा होता. दिवसभर त्याच्याच शेजारी बसून काम केल्यासारखं वाटलं. नाव नाही, गाव नाही, पण हात ओळखीचा झाला.

९ फेब्रुवारी

भिंतीच्या पायाशी, डोंगराच्या बाजूनं, सात भोकं सापडली. मूठ जाईल एवढी, हात-हातभर अंतरावर. चुना झडून झालेली असणार, नाहीतर उंदीर-घुशींचं काम. एवढी सुबक भिंत आणि पायाशी हे! बघवेना. बारीक खडी घालून, चुना ठासून सातही बुजवली, वरून थापी फिरवली. आता कुठं होती ते मलासुद्धा सांगता येणार नाही.

मागच्या भिंतीच्या कडेला खिळ्याला एक लोखंडी सळई टांगलेली आहे. पुरुषभर लांब, टोकाला आकडा. ताईंना विचारलं. "काय माहीत, ह्यांचं काहीतरी असेल." चुना घोटायला छान आहे. घेतली.

१३ फेब्रुवारी

डोंगराची बाजू कापून झाली. खोलीपुरती जागा निघाली. मातीत ओल आहे, पण धार कुठंच नाही.

१५ फेब्रुवारी

दाराची जागा उघडली. वरचा दगड दोघांनी मिळून बसवला. भिंत हललीसुद्धा नाही. दार काढताना आतला गाभा पाहायला मिळाला — बाहेरून दिसणारे दगड जेवढे निगुतीनं बसवलेले, तेवढेच आतले, जे कुणालाच कधी दिसणार नव्हते. शाळेत मास्तर म्हणायचे, पाटीची मागची बाजूही पुसत जा. मी तेव्हा हसायचो. आज त्या भिंतीपुढं उगाच दोन मिनिटं उभा राहिलो.

१९ फेब्रुवारी

पुढच्या उंबऱ्याशेजारी जमिनीत एक दगडी कुंडी आहे, परातीएवढी. तिच्यात कायम शेवाळ असतं. मखमलीसारखं, गडद हिरवं. ताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून ते कधी सुकलेलं त्यांनी पाहिलं नाही. आज मला हाताला धरून नेल्यासारखं पुढं नेलं आणि दाखवलं. शेवाळ तपकिरी पडलंय. कडेनं पापुद्रे सुटलेत.

"हे घरी येणार आणि नेमकं आत्ताच."

मी म्हटलं, "उन्हाचं असेल, ताई." ऊन तिकडं पोचतच नाही. मलाही माहीत, त्यांनाही माहीत.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, बाईमाणसाला असलं काही सांगून समजूत घालतात होय? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तर बोलू नका."

२२ फेब्रुवारी

मागच्या भिंतीला आतून ओल आली आहे. घोट्याएवढी.

२४ फेब्रुवारी

गुडघ्याएवढी. चुन्याचा गिलावा फुगतोय. हात लावला की भिजलेल्या भाकरीसारखा निघून येतो.

२५ फेब्रुवारी

जतन समितीचा तपासनीस आला. गोरागोमटा, शांत माणूस, कपड्यांची घडी मोडलेली चालत नाही असा. भिंतीजवळ उकिडवा बसला, पण गुडघा टेकवला नाही. वही काढली.

"खोदकामानं डोंगराचं पाणी मोकळं झालंय. पुढच्या सोमवारपर्यंत बघतो. ओल चढत राहिली तर काम बंद. मग खोदलेलं परत भरून द्यायचं."

ताई म्हणाल्या, "आणि वीस तारीख?"

तो म्हणाला, "बाई, मी घराचं बघतो." वाईट अर्थानं नाही म्हणाला. पण ताई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

सुतार जाताना म्हणाला, "डोंगराशी कोण भांडणार? तुझा काय दोष त्यात?"

जेवण गेलं नाही.

२६ फेब्रुवारी

पहाटे देवापुढं बसलो. मन लागेना. डोळे मिटले की ती कुंडी दिसायची. मग एकदम मनात आलं — मागं ओल वाढली आणि पुढं शेवाळ सुकलं. एकाच पंधरवड्यात. मागचं पाणी अडलंय म्हणूनच पुढचं आटलंय. आणि मागं पाणी कुणी अडवलं?

मी!

ती भोकं झडून झालेली नव्हती. सातही एका मापाची, एका ओळीत, सारख्या अंतरावर. उंदीर काय दोरी लावून बसतो? डावखुऱ्यानं डोंगराला घरातून जायला वाट ठेवली होती. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला खालून जाऊ द्यायचं. दीडशे वर्षं ते निमूट जात होतं — आणि मी, तीस वर्षं हेच काम केलेला कारागीर, थापी फिरवून त्याचं तोंड बंद केलं. वर सुबक झालं म्हणून खूशही झालो.

सुतार वाटेत भेटला, त्याला सांगितलं. तो चालता चालता थांबला. "कुणाला बोलू नकोस. गुपचूप उघड. तो वहीवाला खोदकाम म्हणतोय ना, म्हणू दे." चांगल्या मनानंच म्हणाला. आमच्या धंद्यात एकदा 'याच्यामुळं ओल आली' असं झालं की या रांगेतलं दुसरं घर मिळत नाही.

सगळी वाट मी तेच घोळवत गेलो. पोचलो तेव्हा ताई कुंडीपाशी बसल्या होत्या. सांगून टाकलं. सगळं. थापीसुद्धा.

त्यांनी कुंडीतला एक सुका पापुद्रा उचलला. मग म्हणाल्या, "म्हणजे हे अपशकुन वगैरे काही नाही?"

"नाही ताई. हा मी आहे."

त्या हसल्या. रडल्याही. "बरं झालं तुम्ही आहात," म्हणाल्या. कसं समजायचं हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच दिवशी, दुपार

चुना अजून पुरता कडक झाला नव्हता. तीच सळई घेतली, आकडा घातला, ओढलं. पहिल्या भोकातून आधी हवा आली. गार, तळघरासारखा वास. भिंतीनं श्वास सोडला म्हणू का? मग चिखल. मग दोऱ्याएवढं पाणी, आत जाणारं. दुसरं उघडलं, तिसरं. सातवं उघडलं तेव्हा सातही ठिकाणी पाणी घराच्या खाली शिरत होतं, अजिबात आवाज न करता.

मी जमिनीला कान लावला. फरशीखाली, पार खोल, कुणीतरी हळूच पुटपुटत पुढच्या खोलीकडं चाललं होतं.

उठलो, घराला वळसा घालून पुढं धावलो. पन्नाशीला आलेला माणूस, चिखलानं माखलेला, उतारावरून. ताई आणि सुतार कुंडीशी उभे होते. कुंडी कोरडी. मी धापा टाकत उभा. मग तळाच्या एका फटीतून थेंब वर आला. फुगला. पसरला. सुक्या शेवाळाखालून पाणी चढत आलं, काठापर्यंत, आणि तिथून कडेच्या खाचेतून गल्लीच्या गटाराकडं वाहू लागलं. ती खाच मी रोज ओलांडत होतो.

सुतारानं टोपी काढली. आजवर मी त्याला कुणापुढं टोपी काढताना पाहिलेलं नव्हतं.



२ मार्च

सोमवार. तपासनिसालाही खरं ते सांगितलं. म्हटलं, खोदकामाचा दोष नाही, माझ्या हाताचा आहे, हवं तर मला काढा पण खोली होऊ द्या. तो ऐकत राहिला. मग भिंतीशी गेला आणि त्या घडीच्या पॅन्टसकट चिखलात दोन्ही गुडघे टेकवून एकेका भोकात डोकावला. ओल चार बोटं उतरली होती.

उठून म्हणाला, "बावीस वर्षं ही रांग तपासतोय. मला वाटायचं कुंडी शोभेची आहे."

काम चालू. अट एक वाढवली — नव्या खोलीखालूनही पाण्याला वाट हवी. मी म्हटलं, साहेब, ती नसती तर मीच काम सोडलं असतं.

८ मार्च

नव्या खोलीच्या जोत्यात दगडी पन्हळ बसवतोय. डोंगराकडून येणारं पाणी फरशीखालून सात भोकांपर्यंत जाईल. डावखुऱ्याच्या वारासारखे वार मारून बघितले, डाव्या हातानं. अंगठा सुजला. सुतार म्हणतो, "महाराजांना दीक्षा मिळाली."

१४ मार्च

छप्पर झालं. जुन्या भिंतीच्या कोपऱ्यात कौलांचा कमरेएवढा ढीग होता, तो शेवटी हलवला. मागं भिंतीला वाळक्या मातीचा जाड थर बसलेला. खरवडत बसायला वेळ नव्हता. तशीच त्याच्यावरून फरशी नेली. सहा दिवस उरलेत.

१७ मार्च

ओल गेली, भिंत ठणठणीत. फक्त जुन्या स्वयंपाकघरात, त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी जागा अजून ओलसर आहे. वाळेल.

१९ मार्च

दाराची चौकट बसली. चाकाची खुर्ची आणून पाहिली, दोन्हीकडून तीन-तीन बोटं जागा राहते. ताई रिकामी खुर्ची तीनदा आत-बाहेर करून आल्या. शेवाळाला हिरवे ठिपके फुटलेत.

२० मार्च

साहेब घरी आले. किडकिडीत माणूस, डोळे मात्र जागे. खुर्ची नव्या दारातून आत गेली. त्यांनी छताकडं पाहिलं नाही, खिडकीकडं पाहिलं नाही. मान खाली घालून फरशी ऐकली. मग डावा हात उचलून माझ्याकडं, माझ्या हातातल्या सळईकडं दाखवला. दिली. मांडीवर घेऊन आकड्यावरून बोट फिरवलं. त्यावर चुना वाळला होता, तो नखानं काढला.

ताई बघत राहिल्या. "दर रविवारी मागं जायचे," म्हणाल्या, "मी आपली समजायची, सिगारेट ओढतात."

साहेबांनी सळई भिंतीच्या पायाकडं केली, मग मांडीवर ठेवून बोटं दाखवली. पाच. मग तीन.

मी म्हटलं, "सात आहेत, साहेब."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सळई कोपऱ्याकडं फिरवली, जिथं कौलांचा ढीग होता. पुन्हा पाच. पुन्हा तीन.

उद्या फरशी उचलायची.