कोरड्या हौदाची नोंद

६ फेब्रुवारी १९८३, रविवार

थकलो. उपासना संपली तरी पाळकसाहेबांचं संपेना. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून जो तो आपले कागद नव्यानं लिहीत सुटलाय. शाळेतलं माझं सेवापुस्तक उस्मानाबादेहून अजून आलेलं नाही, आणि आता आमच्या ख्रिस्ती मंडळीचं रजिस्टरही नवं करायचं म्हणे! जुनं वाळवीनं खाल्लंय, हे खरं. मास्तर, तुमचं अक्षर चांगलं — झालं, पडलं गळ्यात.

लक्ष्मणराव पाळक वयानं लहान, नगरकडून आलेले, अंगात दम आहे. त्यांनी भिंतीवर कापडी तक्ता लावलाय. विश्वासातल्या वाढीच्या पायऱ्या: तान्हं, लेकरू, जवान, प्रौढ. तान्ह्याला दूध, प्रौढाला भाकरी. नव्या रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढं त्याची पायरी लिहायची. माझ्याकडं बघून म्हणाले, तुमचं काय विचारायचं, मंडळीचे वडील तुम्ही, तिचा कारभार बघणारे, प्रौढ लिहा. मी हसलो. दुसरं काय करणार?

१० फेब्रुवारी, गुरुवार

बाप्तिस्म्याचा वर्ग. पाच जण. चौघांचं ठीक आहे. पंचफुलाबाई — काय करावं या बाईचं! पन्नाशी उलटली. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडतात, सांजेला येऊन आमचं देऊळ झाडतात, मग वर्गाला बसतात. आजवर तीनदा परीक्षा दिली, तीनदा नापास. प्रश्न मीच विचारतो, म्हणजे नापासही मीच केलेलं.

आज सोप्यात सोपं विचारलं. प्रभूचे शिष्य किती?

"मोजले न्हाईत, मास्तर."

पोरं हसली. मलाही हसू आलं, मग चीड आली. गाणी सगळी पाठ, एक ओळ चुकत नाही, आणि बारा हा आकडा डोक्यात राहत नाही! घरी येऊन नव्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढं लिहिलं: तान्हं.

१३ फेब्रुवारी, रविवार

नक्कल करता करता बहात्तर सालाचं पान आलं. दौत बंद केली.

कुठं तरी लिहायलाच हवं, इथं लिहितो. जुन्या रजिस्टरात आहे: ३ डिसेंबर १९७२, देविदास धोंडिबा, शिक्षक, बाप्तिस्मा दिला.

दिला नाही.

तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांचा हात कापायचा. म्हणून ते रविवारची नोंद शनिवारीच, सावकाश लिहून ठेवायचे. उमेदवार मी एकटाच. देवळामागच्या दगडी हौदात बुडवायचं, आणि हौद भरायला टँकर येणार होता. आला नाही. देवळात आम्ही दोघंच. बाकी मंडळी दुष्काळी कामावर, पोटापुढं रविवार कुठला! दुपारपर्यंत वाट बघितली. पाळक म्हणाले, होईल पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी प्यायलाच पाणी नव्हतं. जानेवारीत ते आजारी पडले, नांदेडला नेलं, तिथंच गेले.

नोंद तशीच राहिली.

मे महिन्यात चांगुणाचं स्थळ ठरलं. बाप्तिस्मा नसलेल्याला मुलगी देणार नाही, हा सासऱ्यांचा हट्ट. ते देवळात आले, रजिस्टर उघडून बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो नाही. मग नवे पाळक आले, त्यांनी प्रभुभोजन दिलं, बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायची ती भाकर आणि तो पेला, ते घेतलं. मग वडील केलं, झालो. पाऊसही नंतर चांगला झाला, हौद भरला. पण तोवर सांगायला तोंड उरलं नव्हतं.

तीच नोंद आता माझ्या चांगल्या अक्षरात लिहायची आहे. त्यापुढं पायरी: प्रौढ.

१७ फेब्रुवारी

लिहिली नाही. ते पान सोडून त्र्याहत्तर साल उतरवलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

प्रभुभोजन. पेला हातात आला तेव्हा चांगुणा शेजारी डोळे मिटून होती. दहा वर्षं ती अशीच बसते, आणि मी असाच पितो.

बाप्तिस्मे ३ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी. यंदाही हौद कोरडा. गावात माणशी दोन घागरी पाणी, हौद भरायचं नाव काढलं तर लोक मारतील. शेजारचे मलप्पा आमच्यातले नाहीत, गळ्यात लिंग, पहाटेची पूजा चुकत नाही. पण त्यांच्या विहिरीच्या तळाला मांडीएवढं पाणी आहे. पाळकसाहेब आणि मी विचारायला गेलो. म्हणाले, देवाच्या कामाला नाही कसं म्हणावं, पण पाणी वर काढायचं नाही, माणसंच खाली न्या. मांडीएवढ्या पाण्यात बसून बुडता येतं. पाळकसाहेबांना पटलं.

आता टँकर आला नाही, असंही म्हणता येणार नाही.

१० मार्च

चांगुणाला सांगितलं. ती फडक्यानं पाणी गाळत होती. मला वाटलं लग्नाचं काढेल, वडलांना फसवलं म्हणेल. ते काही नाही. फडकं पिळलं आणि म्हणाली,

"माझ्या शेजारी बसून घेतलं, दहा वर्सं?"

भाकरी वाढली. मला खाववली नाही, तरी खाल्ली, वाया कशी घालवणार?

१२ मार्च

पाळकसाहेबांना सांगितलं. म्हणाले, वडीलपण सोडा, भोजन थांबवा, ३ तारखेला विहिरीत उतरा. मंडळीला तुम्हीच सांगा. वर्ग मात्र तोवर तुम्हीच घ्या, दुसरं आहे कोण! मी विचारलं, माझी पायरी आता कोणती लिहू? म्हणाले, राहू द्या कोरी. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

२० मार्च, रविवार

मंडळीपुढं उभा राहून सांगितलं. दाराशी पंचफुलाबाई पदर डोळ्याला लावून रडत होत्या. त्यांच्यासारखीलाही माझी लाज वाटली असणार.

चांगुणा अजून कामापुरतंच बोलते.

२४ मार्च

वर्ग घेतला. पोरं नजर चुकवतात. आता नुसती झोप यावी, असं वाटतं.

३१ मार्च, गुरुवार

परीक्षा घेतली, शेवटची. पंचफुलाबाईंनी सगळं बरोबर सांगितलं. शिष्य किती — बाराही नावं, क्रमानं, न अडखळता. तक्त्यावरच्या पायऱ्या, त्यांचे अर्थ, मी वर्गात कधी न शिकवलेलंही. पोरं गेल्यावर विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? केरसुणी हातात घेत म्हणाल्या,

"त्या सकाळी हौद म्याच झाडला व्हता, मास्तर. कोरडा ठाक. तुमचं झालं न्हवतं. तुमच्या आदी मी कशी उतरू?"

देवळात आम्ही दोघंच होतो, असं वर लिहिलंय. तिघं होतो.

रविवारी विहिरीत आधी मी, मग त्या. नव्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढं माझ्या हातचं आहे: तान्हं. शाईनं लिहिलंय.