पीटीनंतरची खुर्ची

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

तीन महिन्यांची साखर नऊ! मशीन बिघडलं असणार. फौज सोडून चौदा वर्षं झाली, पण पहाटे पाचची पीटी एक दिवस चुकवली नाही. जागेवर पळणं, वीस दंड, चाळीस बैठका. कराडची डॉक्टरीण विचारते, "व्यायाम झाल्यावर काय करता?" म्हटलं, बसतो. "किती वेळ?" हा काय प्रश्न झाला? पीटी झाली, ड्युटी संपली!

लेकानं, जयराजनं, पुण्याहून फोनवर निकाल सुनावला. "फेब्रुवारीत परत तपासू. साखर उतरली नाही तर उंब्रज सोडायचं, आबा. माझ्याकडं यायचं." सातव्या मजल्यावर! मी नाही जायचा. पावलं मोजणारं घड्याळ पाठवलंय त्यानं.

९ नोव्हेंबर, शनिवार

बसून तास झाला की घड्याळ मनगटाला गुदगुल्या करतं — उठा. दिवसभरात मला हाक मारणारं तेवढंच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गुडघा धरला. पीटी बंद. चैन पडेना म्हणून अंगण झाडलं, जास्वंदीला पाणी घातलं, पेपर आणायला स्टँडपर्यंत लंगडत गेलो. संध्याकाळी घड्याळात बघतो तर पाच हजार दोनशे पावलं! पीटीच्या दिवशी साडेतीन हजार भरतात.

म्हणजे सकाळी तासभर घाम गाळायचा, आणि सहा वाजले की ये रे माझ्या मागल्या — खुर्ची. त्या पीटीचाच मला माज. स्वतःचाच राग आला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरिणीला फोन केला. म्हणाली, असं पुष्कळांचं होतं. व्यायाम केला म्हणून माणूस निवांत बसतो. मग तिनं जुने कागद चाळले. "दोन वर्षांपूर्वी तुमची साखर साडेसहा होती. तेव्हा वेगळं काय करत होता?"

काहीच नाही. हीच पीटी, हीच खुर्ची. तेव्हा बायको होती, बना. एवढंच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बना महाविसराळू. मी जरा टेकलो की आतून हाक — "आवं, हिंग संपला." हिंग आणून पायताण काढतोय तोवर — "आवं, काडेपेटी बी न्हाई की!" अर्जुनाच्या दुकानात दिवसाला चार-चार खेपा. मी सुभेदार का हमाल? फौजेत महिन्याच्या मागणीचा कागद, इंडेंट, एकदाच जातो! मी स्वतः वही आखून खिळ्याला टांगली — काय लागेल ते लिही, एकदम आणू. एक अक्षर लिहिलं नाही तिनं. म्हणायची, "एकदम न्हाई बाई सुचत मला."

ती गेल्यावर इंडेंट सुरू केला. महिन्याला एक फोन, अर्जुना माल घरपोच टाकतो. दीड वर्षात त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. सगळं शिस्तीत. आणि घरात कुणी बोलत नाही.

फार आठवण येते तिची. किती खेकसलो मी तिच्यावर.

२४ नोव्हेंबर, रविवार

शेजारची रंगुबाई भाजी द्यायला आली. "सुभेदार, पुन्याला चालला म्हनं? जावा. हितं कोन हाय तुमाला?"

खरं तेच बोलली. जेवलो नाही.

२ डिसेंबर, सोमवार

जायचंच तर आवराआवर करावी म्हणून माळ्यावरचा बनाचा पत्र्याचा डबा उतरवला. उघडला — हिंगाच्या डब्या! एकावर एक, बावीस. काडेपेट्यांचे पुडे. मोहरी, जिरं. सील फोडलेलं नाही एकाचंही.

रंगुबाईला हाक मारली. डबा बघून ती म्हणाली, "सांगू नको म्हनली हुती. तवाच्या डाक्टरनं तिला बजावलं हुतं, मालकास्नी बसू देऊ नका. तुमाला सांगितलं असतं तर ऐकला असता व्हय?"

३ डिसेंबर, मंगळवार

पिशवी घेऊन अर्जुनाच्या दुकानात गेलो. तो बघतच राहिला. म्हटलं, हिंग दे.

"आनि?"

म्हटलं, बाकीचं घरी गेल्यावर आठवेल.